काठोकाठ चहा

अनारकुलची थोरली मुलगी तिला वहिनी म्हणे.

यात कोणाची चूक नव्हती. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही तिच्या सासरची जुनी रीत. पेरिझात पाऊल टाकायला लागली तशी सासूबाई कोचकोर गावाहून आल्या, तिला गोधडीत गुंडाळलं आणि घेऊन गेल्या. तेव्हापासून पोरीची आई म्हणजे सासूबाई, आणि बिश्केकला टॅक्सी चालवणारा कुबात हा तिचा दादा. दादाची बायको ती वहिनी. नातं सरळ होतं. खरं काय ते गावातल्या मेंढरांनासुद्धा ठाऊक होतं, पोरीलाही होतंच, पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. गोंधळ व्हायचा तो धाकट्या एमिरचा. "मम्मी, पेरिझात माझी ताई की आत्या?" असं तो दर सुट्टीत विचारी, आणि दर वेळी त्याच्या हातात खायला काहीतरी ठेवून विषय मिटवला जाई.

त्या वर्षी नोरुझच्या, म्हणजे मार्चमधल्या नववर्षाच्या, सुट्टीत पेरिझात चार दिवस राहायला म्हणून आली आणि साथीने रस्ते बंद केले. शहराच्या वेशीवर पोलिसांचे नाके बसले. ना कोणी आत, ना कोणी बाहेर. कुबातची टॅक्सी इमारतीखाली धूळ खात पडली आणि कुबात सोफ्यावर पडला. अनारकुल ज्या कारखान्यात शिवायला जाई तो बंद झाला, पण मालकिणीने कापडाचे गठ्ठे घरी पाठवले, आणि ती स्वयंपाकघरातच मशीन मांडून मास्क शिवायला बसली. मुलांची शाळा टीव्हीत आणि फोनमध्ये शिरली. दोन खोल्यांत चौघं, आणि सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत एक फ्रिज.

एमिर पहिलीत होता. शाळेची घंटा बंद झाली तसा त्याच्या तोंडाला काही धरबंधच उरला नाही. टीव्हीवरच्या बाई बेरीज शिकवायच्या आणि हा पाकिटातल्या शेवया कच्च्याच कुडुमकुडुम चावत बसायचा. त्यावर पाव, पावावर साय, सायीवर साखर, आणि तोंड पुसायच्या आत, "मम्मी, अजून काय आहे?" त्याच्या एकट्याचंच हे नव्हतं. वर्गातल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर हेच रडगाणं चाले. एकीच्या मुलाने संध्याकाळसाठी उकडलेल्या मांसाच्या मांती दुपारीच फस्त केल्या, दुसरीच्या मुलीला पँट कमरेत होईना. शेवटी बाईंनी फर्मान काढलं, की मुलं काय खातात त्याचे फोटो रोज पाठवा, म्हणजे त्यांना चांगल्या सवयी लावता येतील. झालं. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर अशी काही ताटं यायला लागली की शहरात साथ आलीय की लग्नसराई, कळेना. अनारकुलही एमिरच्या शेवया बाजूला सारून त्याच्यापुढे गाजराची कोशिंबीर मांडी, फोटो काढी, आणि मग कोशिंबीर कुबातला खायला लावी.

पेरिझात मात्र जेवत नव्हती.

म्हणजे, बसायची सगळ्यांबरोबर. पाय नीट दुमडून, बाह्या सारख्या करून बसायची. पावाचा एक तुकडा मोडायची, शोर्प्याच्या रश्श्यात दोनदा चमचा बुडवायची, चहा संपवायची आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवून 'ओमीन' म्हणून उठायची. "रहमत, वहिनी. पोट भरलं," असे आभार मानायची. आपली ताटली आपणच धुवायची, आपला प्याला धुऊन कडेला पालथा घालायची. मग कोचकोरच्या शाळेतून फोनवर आलेले धडे काढून खिडकीशी बसायची. इतकी शहाणी पोर अनारकुलने दुसरी पाहिली नव्हती. आणि या शहाण्या पोरीच्या गालांची हाडं दिवसेंदिवस वर येत होती.

अनारकुलला काही उमजेना. हीच पोर कोचकोरला कढईतले पिठाचे गोळे, बोरसोक, निथळायच्या आत पळवते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिने बोरसोक तळले. एमिरने त्यांचा फडशा पाडला, पेरिझातने एक घेतला आणि सुरेख झालेत म्हणून सांगितलं. मग तिने हाताने शेवया ओढून लाघमान केलं, मग बिनहाडाचं मांस आणून मांती केल्या. पेरिझात प्रत्येकाची चव घ्यायची, प्रत्येकाचं कौतुक करायची आणि उठायची. या आजारात म्हणे वास जातो, चव जाते. पोर अभ्यासात गढलेली असताना अनारकुलने हळूच मागून जाऊन तिच्या नाकाखाली सिरक्याची बाटली धरली. पेरिझात सटकन शिंकली, वळली, आणि म्हणाली, "सिरका आहे, वहिनी. कुठे ठेवू?"

समोरच्या दारातल्या रोझाताईंना तिने तोंडाला मास्क बांधून विचारलं.

"जंत असतील," रोझाताई म्हणाल्या. "नाहीतर नजर. नाहीतर कोणावर मन बसलं असेल."

"नऊ वर्षांची आहे ती, रोझाताई."

"मग जंतच."

कुबातला विचारण्यात अर्थ नव्हता, तरी तिने विचारलं. तो सोफ्यावरून म्हणाला, "भूक लागली की खाईल. समोर गवत असताना मेंढरू उपाशी मरत नाही."

"तुम्ही कूस बदला आणि झोपा," अनारकुल म्हणाली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "जेवली का?" आणि अनारकुल सांगायची, "जेवली, आई." मग फोन पेरिझातकडे जायचा. ती कधी तक्रार करत नसे. "मी छान आहे, आई. वहिनी खूप करतात माझं." हे ऐकलं की अनारकुलला मशीनच्या सुईखाली बोट घालावंसं वाटे. तिला काही फार नको होतं. पोर आपली व्हायची नव्हती, ते कधीच ठरून गेलं होतं, आणि दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती. तिला इतकंच हवं होतं की रस्ते उघडायच्या आत एकदा, निदान एकदा, तिच्या पोरीने तिच्या हातचं पोटभर खावं. बाकी सगळं तिने दिलं होतं. एवढं एक तिचं स्वतःचं मागणं होतं, आणि तेवढंही जमत नव्हतं.

जेवत नाही तर निदान दूध तरी पोटात जाऊ दे, असं तिने ठरवलं. चहात पाण्यापेक्षा दूध जास्त घालायला लागली, वर लोण्याचा गोळा सोडायला लागली. घरच्यांचे प्याले ती एरवीही एकदाच भरून ठेवी, कारण मशीन सोडून पुन्हा पुन्हा किटलीकडे कोण उठणार? पेरिझातचा आता ती अगदी काठोकाठ भरायला लागली. गंमत अशी, की प्याला जितका भरे तितकी पोर कमी खाई. भरलेला प्याला समोर आला की ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राही, मग दोन्ही हातांनी उचलून घाईघाईने संपवी आणि उठे. एके सकाळी तर अनारकुलने इतका भरला की चहा प्याल्याच्या कडेवरून टेबलावर ओघळला. पेरिझातने ओघळ बोटाने पुसला. प्याला एका दमात रिकामा केला. 'ओमीन' म्हणाली, प्याला धुतला, आणि आतल्या खोलीत गेली. अनारकुल मशीनवर बसली.

थोड्या वेळाने दाराचा आवाज झाला. कुबात कचरा टाकायला गेला असेल असं तिला वाटलं. आणि कुबात तर सोफ्यावर घोरत होता, हे तिच्या लक्षात येईपर्यंत दारावरची घंटा वाजली.

इमारतीच्या फाटकावर पांढरा झगा घालून बसणारा स्वयंसेवक दारात उभा होता. त्याच्याशेजारी पेरिझात, अंगात हिवाळी कोट, हातात पिशवी.

"ही तुमची का?"

"माझीच."

"बसस्टँड कुठे म्हणून विचारत होती. म्हटलं, बाळ, बसच नाहीत तर स्टँडवर काय करणार? तुमची कोण ही?"

अनारकुलने तोंड उघडलं. पण तिच्याआधी पेरिझातच म्हणाली, "वहिनी आहेत माझ्या."

स्वयंसेवकाने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. दोघींची हनुवटी एक, कपाळ एक, वर उजव्या भुवईतला भोवरासुद्धा एक. "असं होय," तो म्हणाला. "बरं वहिनी, नणंदेला जरा सांभाळा. दंड होतो आता."

कुबात जागा झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. कुठे निघाली होतीस? कोणाला विचारून? पेरिझात भिंतीला टेकून उभी होती. "निघायचंच होतं ना, दादा," ती म्हणाली. "कोण म्हणालं निघ म्हणून?" त्यावर तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "कोणीच नाही." अनारकुलने पिशवी उघडली. घड्या घातलेले कपडे, फोनचा चार्जर, कंगवा. खायला काही नाही. कोचकोर इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि पोरीने घरातून पावाचा तुकडासुद्धा उचलला नव्हता.

खोटं बोलण्यात आता हशील नव्हतं. अनारकुल फोन घेऊन जिन्यात जाऊन बसली आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. जेवत नाही हे सांगितलं, इतके दिवस खोटं बोलले हे सांगितलं, बसस्टँडचंही सांगितलं. ती शिव्या खायला तयार होती. म्हातारीने शिव्या दिल्या नाहीत. नुसतं विचारलं, "चहा कसा देतेस तिला?"

"चहा? भरपूर देते, आई. दूध, लोणी घालून—"

"किती ओततेस ते विचारतेय."

"काठोकाठ."

"रोज?"

"रोज. तीन वेळा."

पलीकडे म्हातारीने जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं. आणि त्या क्षणी अनारकुलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही; हे ती चालायच्या आधी शिकली होती. पाहुण्याला चहा थोडा थोडा ओतायचा, की तो प्याला पुन्हा पुढे करतो, बोलत बसतो, राहतो. प्याला काठोकाठ भरून पुढे केला की त्याचा अर्थ एकच: एवढा घ्या आणि निघा. घरी आलेल्या आगाऊ पाहुण्यांना तिने स्वतः असे प्याले दिले होते. आणि पोरीला दिवसातून तीन वेळा तेच सांगत होती, वर लोणी घालून.

"पण आई, घरच्या पोरीला मोजून चहा कोण देतं? एमिरला मी भरूनच देते."

"ती घरची आहे हे तिला कोणी सांगितलंय?" सासूबाई म्हणाल्या. "तू सांगितलंस? मी तर नाही सांगितलं. मी तिला सांगून पाठवलं, की दुसऱ्याच्या घरी चव घे, कौतुक कर, ताटाला चिकटून बसू नको. लोक जा म्हणायच्या आत उठ. माझी पोर शिकवल्याप्रमाणे वागली."

"मग आता मी काय करू?"

"मला काय विचारतेस? थोडा ओतलास तर पाहुणी. भरून दिलास तर हाकललेली. तू बघ आता." आणि म्हातारीने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनारकुल किटली हातात घेऊन उभी राहिली आणि तिला स्वतःच्याच घरात चहा ओतता येईना. भरावा तर पोर उठून जाईल. थोडा द्यावा तर आपणच आपल्या पोरीला परकी म्हटल्यासारखं होईल. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक, कुबात म्हणाला, "त्यात अंडी उबवतेस का?" शेवटी तिने तळाशी दोन घोट ओतले आणि प्याला पुढे केला. पेरिझातने आत बघितलं. मग वहिनीकडे बघितलं. चहा प्यायली, आणि प्याला पुन्हा पुढे केला. अनारकुलने पुन्हा दोन घोट ओतले. पोरीने पावाचा दुसरा तुकडा घेतला, त्यावर लोणी लावलं.

त्या दिवसापासून पेरिझात जेवायला लागली. मास्कांचा ढीग तसाच पडून राहिला, मालकिणीचे फोन यायला लागले, आणि अनारकुल किटलीपाशी बसून दोन दोन घोट ओतत राहिली. पोरीच्या गालांवर रंग आला. रोझाताईंनी सगळं श्रेय जंतांच्या औषधाला दिलं, जे अनारकुलने कधी दिलंच नव्हतं. सगळं ठीक चाललं होतं, आणि अनारकुलला रडू येत होतं. जेवत होती ती पाहुणी. रीतीने जेवत होती, रीतीने आभार मानत होती. आपण हेच मागितलं होतं का, तिला कळेना. पोटभर खावं एवढंच मागितलं होतं खरं, मग आता काय बिनसलं?

एका दुपारी कुबात एमिरला घेऊन गच्चीवर गेला असताना तिने सरळ सांगून टाकलं. "पेरिझात, तू इथे पाहुणी नाहीस."

पेरिझातने पेन्सिल खाली ठेवली. "मग कोण?"

याचं उत्तर अनारकुलपाशी होतं. नऊ वर्षं होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि तिथे सासूबाई उभ्या दिसल्या, म्हाताऱ्या, एकट्या, सासरे गेल्यापासून त्या घरात दुसरं माणूस नसलेल्या. पोर वाट बघत होती. काहीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून अनारकुल म्हणाली, "आजपासून चहा तू ओत."

पाहुणा किटलीला हात लावत नाही. चहा ओतते ती घरची सून, नाहीतर घरची लेक. पेरिझातला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी ती किटलीजवळच्या जागेवर जाऊन बसली, थोडी अवघडून. दादाला ओतला, थोडा. एमिरला ओतला, थोडा. "एवढासाच?" एमिर म्हणाला. अनारकुलच्या प्याल्यात ओतताना तिचा हात हळू झाला, पण तिलाही थोडाच ओतला, दोन्ही हातांनी दिला. मग किटली खाली ठेवली.

"आणि तुझा?" अनारकुलने विचारलं.

"माझा किती ओतू?"

"तुला किती हवा?"

पोरीने बराच विचार केला. मग प्याला ओढला आणि ओतला. अर्ध्याहून वर, काठाच्या खाली. कोचकोरपासून बिश्केकपर्यंत कोणालाही त्याचा अर्थ लावता आला नसता. अनारकुल त्या प्याल्याकडे बघत राहिली आणि तिचा स्वतःचा चहा निवून गेला.

मे महिना उजाडला. एका शनिवारी दुपारी टीव्हीवर सांगितलं, की सोमवारपासून नाके उठणार, रस्ते मोकळे. कुबात आनंदाने खाली धावला आणि टॅक्सीची बॅटरी उतरली म्हणून तितक्याच वेगाने वर आला. अनारकुलने त्या दिवशी मांस-बटाट्याचं कुऊरदाक केलं. लक्ष ठिकाणावर नव्हतं, बटाटे खाली लागले. वाढताना हाडाचा मोठा तुकडा एमिरच्या ताटलीत पडला.

पेरिझातने त्याची ताटली बघितली. मग आपली बघितली.

"वहिनी, तू नेहमी त्यालाच मोठा देतेस."

एमिरने हाड दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आणि बटाटे करपलेत," पेरिझात म्हणाली. "कालच्या शोर्प्यात मीठही नव्हतं. मला नको हे." तिने ताटली सरकवली, ओमीन नाही, रहमत नाही, उठली आणि आतल्या खोलीचं दार आपटून घेतलं.

"ही कुठली पद्धत?" कुबात उठायला लागला. "आईने हेच शिकवलं का—"

"बसा खाली," अनारकुल म्हणाली. "एक शब्द बोलू नका."

ती डाव हातात घेऊन तशीच उभी होती. पोरीला रागे भरावं की जवळ घ्यावं, आपण हसतोय की रडतोय, तिला काही सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने आतलं दार उघडलं. फुगलेल्या तोंडाने पेरिझात आली, कोणाकडे न बघता तिने फ्रिज उघडला, सायीचं भांडं काढलं, पावाचा अर्धा गोल काखेत मारला, आणि तिथेच फ्रिजला पाठ लावून, फरशीवर बसून खायला लागली. बोटांनी, भराभरा, ओठांच्या कडेला साय लावून. भांडं रिकामं झालं तशी तिने आतून बोट फिरवलं.

"मम्मी, पेरिझात सगळी साय संपवतेय," एमिर म्हणाला.

"संपवू दे."

संध्याकाळी फोन आला. "जेवली का?" सासूबाईंनी विचारलं.

"ताटावरून उठून गेली, आई. रुसली. एमिरला हाड मोठं दिलं म्हणून. माझा स्वयंपाकही वाईट म्हणाली. मग फ्रिज उघडून सगळी साय खाल्ली, न विचारता."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. त्यांच्याकडे तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असतो. अनारकुलला शब्द स्पष्ट ऐकू आले. सोमवारपासून नाके उठणार, रस्ते मोकळे.

"दार आपटलं का?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"हं." पुन्हा टीव्ही. मग सासूबाईंनी घसा साफ केला आणि विचारलं, "रस्ते कधी उघडणार, काही कळलं का तुमच्याकडे?"

अनारकुलने फोन घट्ट धरला. दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हती.

"नाही, आई," ती म्हणाली. "अजून काही कळलं नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली. "कळलं की सांग."